कागदाची पाठ

सासर म्हणजे गोंडपिपरीतला छापखाना, म्हणून निघताना आईनं साडीवरचे शाईचे डाग कसे काढायचे ते सांगितलं होतं. किस्स्यांचं काय करायचं ते नव्हतं सांगितलं. लग्नाला वर्ष व्हायचंय, आणि ठेवायला जागा नाही!

पहिला तर मला बघायला आले तेव्हाचाच. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, माझा बायोडेटा घेतला. वाचला नाही. उलटा करून पाठीवर अंगठा फिरवला. "सपाट हाये. उठाव नाई."

बाबांचा चेहरा उतरला! नवरामुलगा प्रशांत हळूच म्हणाला, "घाबरू नका काका, ते छपाईबद्दल बोलून राह्यले."

मग कळलं. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईचे टाइप, कागदात रुततात, पाठीवर उलटी अक्षरं उठतात. नव्या ऑफसेट छपाईची पाठ गुळगुळीत. या घरात पुस्तक आधी चाचपतात, वाचतात नंतर.

*

बाइंडिंगवाले रहीमभाई एकदा पैजेवर एक पुस्तक घेऊन आले. तुटक्या मात्रा, झिजलेले काने. "बोला भाऊ, खिळ्यांचं ना?"

मामाजींचा अंगठा फिरला. "जुन्या पानाचा फोटो काढून ऑफसेटवर छापलं. तोंड माह्या वयाचं, पाठ नातवाच्या वयाची!"

चहा रहीमभाईंनी पाजला. नातवाचं नाव निघताच सगळे माझ्याकडे काऊन बघत होते, देव जाणे.

*

मामाजींना मोतीबिंदूसाठी चंद्रपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, "खालची ओळ वाचा." मामाजी उठले, भिंतीवरचा तक्ता उलटा करून चाचपला. "ओळ दिसून नाई राह्यली साहेब. पण ऑफसेट हाये!"

डॉक्टर हसले. एक डोळा कायमचा गेला होता, दुसऱ्याचं ऑपरेशन ठरलं. परतीच्या बसमध्ये प्रशांत म्हणाला, "बाबा, खिळ्यांची जुनी ट्रेडल मशीन भंगारात देऊन टाकू. वर्षभर तिच्यावर एक ओळ छापली नाही आपण."

"दे," मामाजी म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी एकाही पुस्तकाची पाठ चाचपली नाही.

*

ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी. भंगारवाला सोमवारी येणार होता.

मी तीन दुपारी खिळे जुळवत बसले. सगळ्यात मोठे निवडले. पायानं मशीन रहीमभाईंनी चालवली. "बेटी, भाऊले समजलं तर?" म्हणत म्हणत चालवली!

सोमवारी कागद मामाजींच्या हातात दिला. त्यांनी उलटा केला. अंगठा थांबला. मग हळूहळू सरकला, उजवीकडून डावीकडे.

"वै... शा... ली." अंगठा पुढच्या ओळीवर गेला. "बायोडेटा हाये काय तुहा?"

"हो."

"दाब जास्त झाला, पोरी. कागद फाटन अशानं."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. प्रशांत दारात आला. "बाबा, भंगारवाला आलाय."

मामाजींनी कागदावरचा अंगठा उचलला नाही.

"त्याले सांग, मशीनीवर काम चालून राह्यलं."