तिसऱ्या अंकातला कंप

संगीत नाटकात सूर हलवायचा तो पदाच्या शेवटच्या ओळीला, तोही चिमूटभर, अशी आमच्या गाण्याच्या बाईंची शिस्त. मध्येच हलला की त्या पेटीचा भाता मिटायच्या आणि पद पहिल्यापासून म्हणायला लावायच्या. नाशिकच्या हौशी नाटकांत मी निम्मं आयुष्य सरळ सुरावर काढलं, आणि त्याचा मला चांगला माजही होता.

गेल्या वर्षी तालमीत तिसऱ्या अंकातलं विलापाचं पद म्हणताना सूर आपोआप हलायला लागला. दम पुरत नसेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. पण आमचा दिग्दर्शक, माझ्या मुलाच्या वयाचा, एकदम खूश! "ताई, काय कंप घातलाय! हाच ठेवा." मी ठेवणारी कोण? मी तो घातलाच नव्हता.

कॉलेज रोडच्या डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घालून पडद्यावर माझे स्वरतंतू थरथरताना दाखवले आणि मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ते म्हणाले, "हा कंप जाणार नाही, वाढत जाईल. बोलताना इतक्यात नाही कळणार, गाताना कळेल." इतक्यात! गाण्याशिवाय माझ्याजवळ होतं काय? परतताना रिक्षात मी ढसाढसा रडले. घरी सांगितलं, नाटकाच्या मंडळींना नाही.

येवल्याच्या प्रयोगात त्याच पदाला वन्समोअर आला. दुसऱ्यांदा म्हणताना मी जिवाच्या आकांतानं सूर सरळ धरायला गेले, तसा तो जास्तच हलला. पुढच्या रांगेतल्या बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. इतक्या टाळ्या मला सरळ सुराला कधी मिळाल्या नव्हत्या. मला त्या टाळ्यांचा संताप आला.

प्रयोगानंतर दिग्दर्शक विंगेत म्हणाला, "पहिल्या अंकातल्या लग्नाच्या पदात मात्र कंप नको हं, ताई." मी गुडघेदुखीचं निमित्त सांगून भूमिका सोडली.

माझ्या जागी आलेल्या मुलीला आता मीच पदं शिकवते. तिचा सूर सरळ, स्वच्छ, ऐकत राहावा असा. मध्यंतरी ती म्हणाली, "ताई, सर म्हणतात माझं तिसऱ्या अंकातलं पद कोरडं वाटतं. तुमचा तो कंप शिकवा ना." मी नुसता सूर लावला. तिनं तो मोबाइलवर घेतला आणि घरी ऐकून ऐकून घोटला. पुढच्या तालमीला तिनं तो हुबेहूब काढला. दिग्दर्शकानं माझ्यादेखत तिची पाठ थोपटली, आणि ती हसून माझ्या पाया पडली.