ब्रिटनचं सरकार आणि आमचे इस्माईलभाई

सामान हलवायच्या धंद्यात किस्से जमवायला लागत नाहीत. घर उघडं पडलं की माणूस आपोआप बोलायला लागतो, आणि चार-पाच तास ऐकायला आमचीच माणसं समोर असतात. मी या कंपनीत बारा वर्षं कोऑर्डिनेटर आहे. ऑफिस आणि गोडाऊन दुबईत रास अल खोरला, घर शारजात अल मजाजला. रोज येता-जाता ट्रॅफिकमध्ये इतका वेळ जातो, की कालचा किस्सा विसरायची सोयच नाही.

त्यातले निम्मे किस्से आमचे फोरमन इस्माईलभाई यांचे. मूळचे रत्नागिरीकडचे, गल्फमध्ये तीस वर्षं झाली. पेपर वाचत नाहीत, टीव्हीवर फक्त क्रिकेट बघतात. पण ब्रिटनमध्ये काय चाललंय ते त्यांना कंटेनरवरून कळतं. एका महिन्यात तिकडून पाच-सहा घरं आली की म्हणतात, "ताई, तिकडे बजेट झालं वाटतं."

बहुतेक वेळा झालेलं असतं.

*

एक साहेब लंडन सोडून कायमचे दुबईला आले. परदेशातल्या कमाईवरची जुनी करसवलत तिकडच्या सरकारने काढून टाकली, हे कारण. इस्माईलभाई आणि दोन माणसं त्यांचं जुनं, भलं मोठं लाकडी कपाट उचलून आत आली आणि नेमकी तेव्हाच साहेबांनी ही सवलत काय होती ते समजावून सांगायला सुरुवात केली. मग ती कुणी काढली, मग त्याने देशाचं कसं वाटोळं होणार. कपाट हवेतच.

शेवटी साहेबांनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

इस्माईलभाई म्हणाले, "सर, गव्हर्नमेंट टोटली राँग. कपाट किधर?"

*

आमचा मॅनेजर कीथ स्वतः इंग्लंडचा. युरोपातून बाहेर पडायच्या बाजूने त्याने मत दिलं होतं, आणि ते तो लपवत नसे. रिटायर झाल्यावर राहायला म्हणून स्पेनमध्ये समुद्राकाठी एक फ्लॅटही घेऊन ठेवला होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे त्याच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. आता त्याला तिथे सलग राहता येत नाही. एकशेऐंशी दिवसांत फार तर नव्वद.

एकदा लंचला तो कॅलेंडर पुढे घेऊन पेन्सिलीने खुणा करत बसला होता. इस्माईलभाईंनी थोडा वेळ बघितलं आणि डबा घेऊन शेजारीच बसले.

"सर, तीस वर्षं व्हिसाचे दिवस मोजतोय मी. पेन्सिल कामाची नाही. मोबाईलमध्ये अलार्म लावा."

कीथने खरंच लावला. हल्ली मीटिंगमध्ये कधीकधी त्याचा फोन वाजतो. तो बंद करतो आणि नुसतं म्हणतो, "स्पेन."

*

मध्ये तिकडचे एक मंत्री व्यापार वाढवायला आले होते. हॉटेलात ब्रेकफास्ट, झेंडे, भाषण. कीथला आमंत्रण होतं. गल्फशी मोठा करार होणार, आपलं काम दुप्पट होणार, असं तो आठवडाभर सांगत होता. परत आला तो तोंड पाडून.

"काय म्हणाले मंत्री?" मी विचारलं.

"करार अगदी जवळ आलाय म्हणाले."

"मग चांगलंच आहे की."

"हो. पण शेवटी इथल्या लोकांना बरं वाटावं म्हणून इन्शाल्ला म्हणाले."

इस्माईलभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "खलास. पेमेंट द्यायचं नसलं की इथली पार्टीपण हेच म्हणते."

*

इस्माईलभाईंची मुलगी साजिदा. तिला इंग्लंडमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीचं काम मिळालं. नवरा आणि सहा वर्षांची आयरा, दोघांनाही घेऊन जायचं ठरलं होतं. कागदपत्रं चालू असतानाच नियम बदलला. अशा कामाला येणाऱ्यांनी यायचं असेल तर एकट्याने यायचं. पाचव्या दिवशी साजिदानेच बॅग भरायला घेतली. आता आयरा आणि जावई इथे इस्माईलभाईंच्याच घरी असतात.

एकदा आयराने विचारलं, "नाना, व्हाय कान्ट आय गो?"

इस्माईलभाईंनी मला सांगितलं ते असं: "काय सांगणार? म्हटलं बेटा, तिकडे माणसं फार झाली, असं त्यांच्या सरकारचं म्हणणं आहे."

"मग?"

"म्हणाली, बट नाना, आय ॲम सो स्मॉल."

एवढं बोलून त्यांनी हातातल्या बॉक्सला टेप लावली. एकदा लावून झाली होती, तरी परत लावली.

*

आणि हे पार्करसाहेबांचं.

पार्करसाहेब इथे आले ते टॅक्समुळे, पण बोलायचे परदेशी लोकांबद्दल. आमचं सरकार बाहेरच्यांना आवरतच नाही, म्हणून देश सोडला, असं त्यांनी घर लावताना सांगितलं. ऐकायला चार हिंदुस्थानी होते, दोन पाकिस्तानी आणि एक नेपाळी. कुणी हसलं नाही. कामावर असताना आम्ही हसत नाही.

त्यांच्या सामानात एक बॉक्स चुकून आला होता, त्यांच्या आईचा. लोकरीचे कपडे आणि एक फोटो अल्बम. आई तिकडेच वृद्धाश्रमात. साहेब म्हणाले, परत पाठवून द्या. मी कुरिअरचं लेबल छापलं. इस्माईलभाईंनी पत्ता एकेका शब्दावर बोट ठेवून वाचला.

"ताई, हे साजिदाच्या गावापासून लांब आहे का?"

मी नकाशात बघितलं. "बसने सव्वा तास."

त्यांनी लेबल चिकटवलं. मग मोबाईलवर त्याचा फोटो काढला.

चारेक महिन्यांनी पार्करसाहेब स्वतः गोडाऊनला आले. वृद्धाश्रमाने पाठवलेला एक फोटो त्यांनी मोबाईलवर दाखवला. आईच्या मांडीवर अल्बम, शेजारी डोक्याला रुमाल बांधलेली एक मुलगी. म्हातारीने तिचा हात घट्ट धरलेला.

"आई फोनवर सांगते, दर रविवारी माझी मुलगी येते," ते म्हणाले. "मी एकुलता एक आहे. आश्रमवाले म्हणतात, ती बॉक्स नीट पोचला का ते विचारायला आली होती, तेव्हापासून येते. बॉक्स तुम्ही पाठवलात. म्हणून विचारतो, ही कोण?"

इस्माईलभाईंनी पँटला हात पुसून मोबाईल घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा केला, मुलीच्या चेहऱ्यावर. मग साहेबांकडे न बघता मला मराठीत म्हणाले, "फोनवर सांगते, नीट जेवते म्हणून. बारीक झालीय पोर."

"काय म्हणतोय तो?" पार्करसाहेबांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "म्हणतायत, तुमच्या आईंची तब्येत छान दिसतेय."