मामांची विहीर, भागूबाईचं शेत

ये, अशी जवळ येऊन बस. दारात पाहुण्यासारखी काय टेकलीस? आणि आधी हा डबा बघ. परवा थालीपिठं भरून दिला होता, आज परत आणलास तो कसा? घासूनपुसून लखलखीत, आणि आत खडखडाट! पुनावळ्याच्या त्या उंच इमारतीत राहायला गेलीस म्हणून डबा रिकामा परत द्यायचा का गं? चिमूटभर साखर तरी टाकायचीस. रागावत नाही मी. पण तुझ्या जागी माझे मामेसासरे असते, तर थालीपिठाचं पीठ, वरचं लोणी आणि तव्याखाली जळलेलं सरपण, एवढं सगळं त्यांनी पाठीवर घालून परत आणलं असतं. दुसऱ्याचं फुकटचं ज्याच्या अंगाला कधी लागलं नाही असा माणूस साऱ्या पुणे जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला.

ह्यांचे सख्खे मामा ते. मी लग्न होऊन कासारवाडीला आले ती पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना निघाला होता, ह्यांना तिथे नोकरी लागली आणि आम्ही मामांच्या शेजारीच बिऱ्हाड केलं. मामा कोर्टात बेलीफ होते, नुकतेच पेन्शनीत निघालेले. उंच, काटकुळे, आणि भर वैशाखात अंगात काळा कोट. वकिली काही केली नव्हती त्यांनी, पण जन्मभर साहेबासमोर कागद घेऊन उभं राहून वकिलांची वाक्यं तेवढी पाठ झाली होती. त्यातही करार कायद्याचं सत्तरावं कलम त्यांचं लाडकं. लोक उठल्यावर देवाचं नाव घेतात, मामा सत्तराव्या कलमाचं घेत. मी आपली चौथीपर्यंत शिकलेली, पुढचं सगळं पुड्यांच्या कागदांवरून वाचून वाचून आलेलं. म्हणून मामांनी मला ते सोपं करून सांगितलं होतं. "सूनबाई, एखाद्यानं आपल्यासाठी काही केलं, ते दान म्हणून केलेलं नाही, आणि आपण त्याचा फायदा घेतला, तर त्याची भरपाई करायची. दुसऱ्याच्या चुकीवर आपलं ताट वाढून घ्यायचं नाही." ऐकायला किती चांगलं वाटतं, नाही? त्या माणसाच्या शेजारी राहून बघायचं होतंस!

शेजारणीची कोंबडी एकदा आमच्या सरपणात अंडं घालून गेली. मामांनी ते रुमालात घेतलं, कोट चढवला आणि परत द्यायला निघाले. दारात थबकले. कोंबडीनं आमच्या वाळवणातली ज्वारी खाल्ली होती, म्हणजे अंड्यात आपलीही ज्वारी आली! मामी आतून ओरडल्या, "अहो, आपल्या घरात अंडं शिजत नाही, तुम्हाला त्याचं काय करायचंय?" "शिजवण्याचा प्रश्न नाही," मामा म्हणाले, "मालकीचा आहे." शेवटी अंडं परत गेलं, ज्वारी माफ झाली, आणि तसं शेजारणीला तोंडी कळवण्यात आलं. ती बिचारी त्या दिवसापासून कोंबडी बांधून ठेवायला लागली.

पलीकडच्या घरातले पैलवान रात्री कंदील लावून पोथी वाचायचे. त्यांच्या खिडकीतून उजेडाची एक पट्टी मामांच्या ओसरीवर पडायची, आणि मामा त्या पट्टीत बसून वर्तमानपत्र संपवायचे. महिना सरला की रॉकेलची बाटली घेऊन पैलवानांच्या दारात हजर. पैलवान डोक्याला हात लावून म्हणाले, "मामा, आवो उजेड सांडतोच की! त्याचं कुठं देणं अस्तंय व्हय?" मामा ऐकेनात. तेव्हा पैलवान म्हणाले, "बरं, मंग मी घोरतो त्ये बी तुमच्याकडंच येतंय न्हवं? त्ये वजा करा आन् बाटली घेऊन जावा घरी." मामांनी ओसरीवर बसून यावर बराच विचार केला. मला म्हणाले, "मुद्दा बिनतोड आहे."

पण खरी कमाल केली ती चिंचवडच्या लग्नात. एकाच आळीत दोन मांडव होते. मामा आपले तोऱ्यात शिरले ते चुकीच्या. पंगतीला बसले, जिलबी झाली, मठ्ठा झाला, आणि कोणीतरी विचारलं, "आपण मुलाकडचे की मुलीकडचे?" मामांनी नवऱ्यामुलाकडे नीट पाहिलं, आणि घास हातातच राहिला. दुसरा कोणी असता तर मुकाट्यानं हात धुऊन निसटला असता. मामा पंगतीत उभे राहिले, सगळ्यांना हात जोडून म्हणाले, "माझ्याकडून चूक झाली आहे. जिलबी परत करता येत नाही. कष्ट करता येतात." आणि कोटाच्या बाह्या वर सारून जे वाढायला लागले, ते दिवे लागेपर्यंत वाढतच होते! ज्यांचं आमंत्रण होतं ते रुसले ते रुसलेच. ह्या मांडवातल्यांनी मात्र त्यांना नारळ दिला. त्या नारळाचं काय करायचं यावर घरी पुन्हा खल झाला, ते तुला सांगत बसत नाही.

माझं आणि मामांचं वाजायचं ते वाटीवरून. मी शेजारी वाटीभर आमटी दिली की तीच वाटी गुळाचा खडा घालून परत यायची. मामा म्हणायचे, "आमटीपेक्षा गूळ वरचढ झाला. वरचं परत करा." मग माझ्याकडून चटणी जायची, तिकडून शेंगा यायच्या, आणि मामा वैतागायचे. "सूनबाई, हा व्यवहार मिटणार कधी?" मी म्हणायचे, "मिटवायचाय कुणाला? आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, एवढंच आम्हाला ठाऊक." "हे कुठल्या कायद्यात आहे?" "आईच्या." मामा मान हलवायचे. "त्याला कलम नाही." आणि वाटीतले दोन शेंगदाणे मात्र तोंडात टाकायचे हो!

असा हा माणूस. आता त्याच्यावर काय वेळ आली ते ऐक.

मामांनी मामींना नोकरीत असल्यापासून एक शब्द दिला होता, की पेन्शन झाली की तुझ्या दारात पाणी आणीन. मामी पवना नदीवरून घागरी वाहून वाहून कमरेत वाकल्या होत्या. पुढे पुढे तर भरली घागर डोक्यावर चढवायलाच दुसरं माणूस लागायचं. त्यांना हौस कसली, तर दाराशी अळू असावं, अबोली असावी. घरामागे मामांचा जमिनीचा एक तुकडा होता. पेन्शनीबरोबर जे काही हाती आलं, ते सगळं ओतून मामांनी तिथे विहीर काढायचं ठरवलं. पाणाड्या आला. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो पुढे, आणि नारळावर डोळे लावून मामा मागे. नारळ कुठे उभा राहतो ते बघायचं असतं ना, तिथे खाली पाणी! जन्मभर लोकांना जमिनीचे ताबे देत फिरलेला माणूस, एक डोळा जमिनीवर ठेवावा की नाही? पण मामांना नारळ सोडून दुसरं काही दिसत नव्हतं. शेजारचं शेत भागूबाईचं, तिथल्याच जुन्या घरातली विधवा बाई. ती लेकीच्या बाळंतपणाला चाकणला गेली होती, आणि हद्दीच्या दगडावरच तिनं कडब्याची गंजी रचून ठेवली होती. नारळ गंजीपलीकडे चार पावलं गेला आणि ताडकन् उभा राहिला. मामांनी तिथेच कुदळ मारून घेतली.

पाणी लागलं गं! काय पाणी लागलं! मामींनी ओंजळीत घेऊन डोळ्यांना लावलं. पैलवानांनी पेढे वाटले. आणि बाळंतपण उरकून भागूबाई परतली. गंजी ओढून बाजूला केली, दगड मोकळा झाला, आणि सगळ्यांनी पाहिलं. विहीर दगडाच्या पलीकडे होती. भागूबाई काठावर उभी राहून आत बघत राहिली, आणि म्हणाली, "आगं बया! मी लेकीच्या बाळंतपणाला काय गेले, हिकडं माज्या शेताला हीर झाली!"

सगळी कासारवाडी हसली. मामी तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी कोपऱ्यातली घागर उचलली आणि नदीची वाट धरली.

पैलवान मामांना म्हणाले, "घाबरताय कशाला? तुमचं ते सत्तरावं कलम काढा की आता! फायदा तिला झालाय, भरून देऊ दे तिला." सगळ्यांना वाटलं, जन्मभर जपलेलं कलम आता तरी मामांच्या कामी येईल. पण मामा ओसरीवर बसून राहिले. कोट खुंटीला. पहिल्यांदाच मी त्यांना बिनकोटाचं पाहिलं, किती किडकिडीत दिसत होते! मला म्हणाले, "कलम लागू होत नाही, सूनबाई. तिनं विहीर मागितली नव्हती. नको म्हणायला ती इथे नव्हतीही. आली तर विहीर तयार! आता ती परत कशी करणार? ज्याला नको म्हणायची सोय नव्हती, त्याच्याकडे भरपाई कशी मागायची?" एवढ्यावर थांबले असते तर ते मामा कसले! उलट तिची ज्वारीची जमीन खाल्ली गेली, म्हणजे आपणच तिचे देणेकरी, असं त्यांनी ठरवलं आणि विहीर बुजवून शेत होतं तसं करून द्यायची तयारी दाखवायला कोट घालून निघाले. भागूबाई कमरेला पदर खोचून काठावर उभी राहिली. "मामा, हिरीत एक ढेकूळ पडू द्या, मी सोताच उडी मारते!" "मग निदान जमिनीची नुकसानी तरी घ्या." "पानी बी घ्यू आन् वर नुकसानी बी घ्यू? माज्या मालकानं जलमभर कुनाचं मातेरं घेतलं न्हाई!" झालं. कोर्टात दोघं भांडतात ते मला दे म्हणून. इथे दोघं भांडत होती ती तू घे म्हणून. पाणी भर म्हणून भागूबाईनं मामींना निरोप धाडला, तर मामा म्हणाले, "उपकार म्हणून घोटभर नको." पाणी दाराशी, आणि मामी रोज नदीवर. चिखलात एकदा घागरीसकट घसरल्या, तेव्हा मला राहवेना.

मी कढीची वाटी घेतली आणि भागूबाईकडे गेले. तिनं मला बसवलं, कढी ओतून घेतली, आणि वाटीत घालायला घेवडा निवडायला लागली. मी म्हटलं, "असू द्या हो." तर म्हणाली, "आसू द्या कसं? रिकामी वाटी धाडू व्हय?" मग मी मामींचं घसरणं सांगितलं. मामांचा हट्ट सांगितला. आणि जे मामींनी मला एकदा हळूच सांगितलं होतं, तेही सांगितलं. मामांच्या नोकरीत जप्तीवर जावं लागायचं. लोकांची भांडीकुंडी घराबाहेर काढायची, जप्तीचा माल म्हणून अंगणात मांडायची, आणि घरातल्या बायका दारात उभ्या राहून बघायच्या. अशा दिवशी मामा घरी येऊन जेवायचे नाहीत. भागूबाईचा घेवड्याचा हात थांबला. वाटीकडे बघितलं, मग दाराबाहेर विहिरीकडे बघितलं. म्हणाली, "जा तू. सांजच्याला येते."

संध्याकाळी आली ती कुदळ घेऊनच. विहिरीपासून सरळ पाट ओढत, हद्दीच्या दगडाला वळसा घालून, थेट मामींच्या दाराच्या दिशेनं. मामा धावत बाहेर आले. "भागूबाई, हे काय चालवलंय?" ती मान वर न करता म्हणाली, "तुमच्या घरनं माज्याकडं एक भांडं आलंया. चुकून आलंया, पर भरून आलंया. आमी आलेलं भांडं रिकामं परत धाडत न्हाई." "अहो, पण हे कुठल्या कायद्यात बसतं?" भागूबाईनं कुदळ टेकवली. "माज्या आयच्या."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. देवाशप्पथ सांगते, मी तिला ते शिकवलं नव्हतं!  मग म्हणाले, "सूनबाई, तुम्हा बायकांच्या ह्या कोर्टात अपील नाही का?" मी म्हटलं, "नाही." मामांनी कोट काढला, पैलवानांकडून फावडं मागून आणलं आणि उरलेला पाट स्वतः ओढला. वाकडाच ओढला. दुसऱ्या दिवशी मोट चालली, पाणी वाकड्या पाटानं मामींच्या पायापर्यंत आलं, आणि मामी नुसत्या उभ्या राहिल्या पाण्यात, पाय भिजवत.

पुढे मामींचं अळू असं माजलं की कासारवाडीला त्याचाच कंटाळा आला. भागूबाईकडे अळूवड्या जायच्या, तिकडून वांगी यायची, आणि मामा ओसरीवरून ओरडायचे, "काय आलं गं?" वरचढ झालं का, हे पुन्हा कधी विचारलं नाही. काही वर्षांनी भागूबाई म्हातारी होऊन लेकीकडे चाकणला गेली. आता तिथे कुठली विहीर, कुठला पाट! विहीर बुजली, वर पत्र्याचं वर्कशॉप उभं आहे. भागूबाईची एक वाटी तेवढी माझ्याकडे राहिली, काठावर तिचं नाव घातलेली. मामा शेवटच्या आजारात होते, तेव्हा त्यांची नजर फळीवरच्या त्या वाटीवर गेली. मी घाईनं म्हटलं, "देऊन येते हो मामा, चाकणला जायला सवडच होत नाही." फुकटचं अंडं घरात न ठेवणारा तो माणूस हळूच म्हणाला, "राहू द्या. ती परत केलीत, तर भागूबाई आपल्याकडे कशाला येईल?"

आली नाही ती. वाटी आहे, ती बघ, वरच्या फळीवर.

असो. तू नीघ आता, उशीर होईल. हा डबा घे, शेवयाची खीर घातलीय, सांडू नकोस. आणि मघाशी बोलले ते मनावर घेऊ नकोस हं. पुढच्या वेळी रिकामा आणलास तरी चालेल. पण तो घेऊन लवकर ये. येत्या रविवारीच ये.