उघड्या दाराबद्दलचा शेरा

कार्यक्रमात माझी ओळख करून देणारे एक वाक्य हमखास म्हणतात: ‘बाईंनी तुरुंगाची चाकरी सोडली आणि वस्तीची सेवा पत्करली.’ मग टाळ्या पडतात, शाल येते, नारळ येतो. घरी शालींची चळत झाली आहे, आणि पुण्यात शाल पांघरण्याजोगी थंडी वर्षातून पंधरा दिवस पडते. वाक्य खोटं नाही. पण ऐकणाऱ्याला वाटतं की एके दिवशी माझं मन द्रवलं आणि मी राजीनामा दिला. तसं काही झालं नव्हतं. बदल्यांचा वीट आला होता, गुडघे कुरकुरत होते, म्हणून मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. मन द्रवलं ते नंतर, आणि ज्या गोष्टीने द्रवलं ती मी आजवर एकाही कार्यक्रमात सांगितलेली नाही.

पुण्यापासून चार तासांवरच्या एका तुरुंगात मी महिला विभागाची अधिकारी होते. तिथे शिक्षा भोगणाऱ्या एका बाईजवळ तिची मुलगी राहत होती. कैदी आईजवळ मूल सहा वर्षांचं होईपर्यंत राहू शकतं, असा नियम आहे. ही पोर तुरुंगातच चालायला शिकली, तिथेच बोलायला लागली. किल्ल्यांचा आवाज आला की हातातला खेळ टाकून उभी राहायची. संध्याकाळी बराक बंद करण्याआधी गिनती व्हायची, म्हणजे बायका मोजून आकडा जुळवायचा. तेव्हा ती माझ्या मागेमागे फिरत ओठांतल्या ओठांत मोजायची आणि आकडा जुळला की माझ्याआधी ‘बरोबर’ म्हणून मोकळी व्हायची. शिपाईबाया हसायच्या. मीही हसायचे. मला तिचा लळा होता, हे मुद्दाम सांगते. पुढे जे केलं ते दुष्टपणाने केलं असतं, तर आज इतकं लागलं नसतं.

मुलगी सहाची व्हायला आली तेव्हा तिच्या मावशीचा अर्ज आला. आईची सख्खी धाकटी बहीण, लग्न न केलेली, कसबा पेठेत एका खोलीत राहून बांबूचं बुरूडकाम करणारी. मुलीला मी सांभाळते, असं तिने लिहून दिलं होतं. घराची चौकशी करून अहवाल द्यायचं काम ज्याचं, त्याची जागा रिकामी होती. वरिष्ठांनी मला जाऊन यायला सांगितलं.

मी भर दुपारी गेले. गल्लीत दोन्ही अंगांना कळकाच्या कामट्या वाळत होत्या, सुपं, टोपल्या, दुरड्या भिंतीला टेकून ठेवल्या होत्या. मावशी उंबऱ्यात बसली होती. अर्धी घरात, अर्धी रस्त्यावर. दार सताड उघडं. मी तिथे होते त्या अर्ध्या तासात सात-आठ माणसं आत डोकावून गेली. एक बाई न विचारता माठातलं पाणी पिऊन गेली. एक म्हातारा नुसताच येऊन बसला आणि उठून गेला. वरच्या फळीवर दोन कोयते होते.

“तुम्ही दार लावत नाही का?” मी विचारलं.

“लावून काय करू, मॅडम? कळक वीस फुटांचा असतो. तो दुमडून आत घेता येत नाही.”

पेठेतलं उत्तर पेठेतल्यासारखंच होतं. पण मी तेव्हा गणवेशातली बाई, मला तो उद्धटपणा वाटला. “मूल घरात आलं की दार बंद ठेवावं लागेल,” मी म्हटलं. ती कामटी सोलत राहिली.

परत जाऊन मी अहवाल लिहिला. त्यातली वाक्यं मला पाठ आहेत. ‘घराचे दार दिवसभर उघडे असते. येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नियंत्रण नाही. घरात धारदार हत्यारे आहेत. दार बंद ठेवण्याबाबत समज दिली असता प्रतिसाद मिळाला नाही. बालिका सुरक्षित राहील असे वाटत नाही.’ खाली सही, हुद्दा, शिक्का.

आज वाचणारा विचारेल, उघडं दार हा काय दोष झाला? पण वीस वर्षं जिने दारं लावायची नोकरी केली, तिला तो दोषच दिसतो. आमच्याकडे चांगला दिवस म्हणजे सगळी कुलपं जागेवर असलेला दिवस. आत कोण आलं, बाहेर कोण गेलं हे वहीत नसेल तर आम्ही पुन्हा गिनती घेतो. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात, तसं मला सगळं उघडं दिसत होतं.

मुलीची रवानगी एका बालगृहात झाली. उंच भिंत, लोखंडी फाटक, वहीत नोंद. मला ते पाहून समाधान वाटलं होतं. निघायच्या दिवशी सकाळी ती नवा फ्रॉक घालून माझ्यापुढे उभी राहिली आणि काळजीने म्हणाली, “मी गेले की गिनती कमी भरेल ना?”

“तुला आम्ही गिनतीत धरतच नव्हतो,” मी हसून म्हटलं. तिची काळजी मिटावी म्हणून म्हटलं होतं. तिचा चेहरा पडलेला मी पाहिला आणि गाडी निघायला उशीर होतोय म्हणून ओरडले.

पाच वर्षांनी तिची आई आजारपणात गेली. तोवर माझी बदली झाली होती. मला ते कळलं एका सहकारी बाईच्या फोनवर, बोलता बोलता, इतर दहा बातम्यांमध्ये.

निवृत्तीनंतर मी वारज्यात राहायला आले. जवळच्या वस्तीतल्या बायका पहाटे धुण्याभांड्यांना बाहेर पडायच्या आणि पोरं दिवसभर वाऱ्यावर. मी चार ओळखीच्यांना गोळा करून संस्था काढली, दोन खोल्या घेतल्या, पाळणाघर सुरू केलं. पहिलं काम काय केलं असेल, तर पुढच्या दाराला लोखंडी जाळी बसवली. आतून कडी, बाहेर पाटी, टेबलावर वही. येणाऱ्या आईने सही करायची, वेळ लिहायची, मग मूल आत. महिनाभर जेमतेम चार पोरं आली, आणि तीही रडत.

“बायकांना स्वच्छता, शिस्त नको असते,” मी एकदा चिडून म्हणाले. आमच्याकडे झाडलोट करणारी बाई ऐकत होती. ती वस्तीतलीच.

“तसं न्हाई, ताई. दार लावलं की वाटतं आत पोरांना काय करत्यात कुणास ठाऊक. उघडं असलं की येताजाता चार बाया बघत्यात. आमच्यात पोर असंच वाढतं.”

मी जाळी काढून टाकली. पंधरा दिवसांत खोली भरली. भाजीवाली डोकवायची, रिक्षावाला डोकवायचा, कुणाची आजी येऊन बसायची. एका दुपारी तसाच एक म्हातारा आत आला, नुसताच बसला आणि उठून गेला. मी हातातलं काम टाकून खुर्चीत बसले. कसबा पेठेतला तो म्हातारा मला आठवला. त्या गल्लीत मूल सांभाळायला एक मावशी नव्हती, तीस माणसं होती, आणि मी त्यांना ‘नियंत्रण नाही’ असं लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मावशीकडे गेले. ती त्याच उंबऱ्यात होती, केस पांढरे झालेले.

“या मॅडम,” ती म्हणाली. वस्तीत मला सगळे ताई म्हणतात. ती अजूनही मॅडमच म्हणते, आणि मला दुरुस्त करायचं धाडस होत नाही.

मी अहवालाचं सांगितलं. तिला ते ठाऊकच होतं. बालगृहात ती दोनदा गेली होती. भेटणाऱ्यांच्या यादीत नाव नाही, म्हणून तिला फाटकावरूनच परत पाठवलं होतं. “तुम्ही आलात त्याच्या आदल्या आठवड्यात मी सुताराकडून ती फळी ठोकून घेतली होती,” ती वर बोट करून म्हणाली. “कोयते आधी खाली असायचे. म्हटलं, पोरगी यायचीय, हाताला लागायला नकोत.”

मी वर पाहिलं. फळी तीच होती. मी कोयते पाहिले होते आणि ते वर का ठेवलेत, हे विचारलं नव्हतं.

त्या दिवशीच मुलीचा शोध घ्यायला हवा होता. अठरा वर्षांची होऊन ती बालगृहातून बाहेर पडली होती, पण मनावर घेतलं असतं तर पत्ता लागला असता. मी घेतलं नाही. मावशीने काही मागितलं नाही आणि मी त्याचा फायदा घेतला. पाळणाघर, शिवणवर्ग, बचतगट, भाषणं यात तीन वर्षं काढली. लोकांच्या पोरांना घर मिळवून देत होते आणि एका पोरीला तोंड दाखवायला भीत होते. याला दुसरा शब्द नाही.

शेवटी तीच आली. गेल्या वर्षी संस्थेच्या फोनवर निरोप आला, ‘आपली भेट हवी आहे.’ ठरल्या वेळेला दोन मिनिटं असताना ती दारात उभी. दार उघडं असूनही तिने चौकटीवर टकटक केलं. हिंजवडीला एका कंपनीत नोकरी, तिथेच हॉस्टेलमध्ये राहते, असं तिने सांगितलं. मी तिला ‘तुम्ही’ म्हणत होते. तिने ‘तू म्हणा’ असं म्हटलं नाही.

पिशवीतून तिने माझ्या अहवालाची झेरॉक्स काढली. “मॅडम, माझी फाइल मिळाली मला. यात आपली सही आहे. मला एकच पॉइंट समजला नाही. दार उघडं होतं, म्हणजे एक्झॅक्टली काय प्रॉब्लेम होता?”

मी झेरॉक्सवरची माझी सही पाहिली. मग म्हणाले, “काहीच नव्हता. माझी चूक होती.”

“पण मावशीने मला न्यायला नकार दिला होता ना? आम्हाला तसंच सांगायचे. ज्यांना कुणी न्यायला आलं नाही, ते इथे.”

मी तिला फळीचं सांगितलं. यादीत नाव नसल्यामुळे फाटकावरून परतलेल्या मावशीचं सांगितलं. ती रडली नाही. झेरॉक्सची घडी घालत राहिली, उलगडून पुन्हा घालत राहिली. “सतरा वर्षं मी तिच्यावर चिडलेय,” ती म्हणाली. “आता ते कुठे टाकू?” माझ्यावर टाका, असं म्हणायचं मनात होतं. ते बोलणंही मला नाटकी वाटलं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी कसबा पेठेत गेलो. गल्ली अरुंद, आम्ही पुढेमागे चाललो. उंबऱ्यापाशी ती थांबली. “आत येऊ का?”

“दार उघडंच आहे,” मावशी मान वर न करता म्हणाली, आणि मग तिने मान वर केली.

गळ्यात पडणं वगैरे काही झालं नाही. मावशीने तिला पाटावर बसवलं, चहा टाकला. मुलगी विचारून पाणी प्यायली, विचारून पंखा लावला, विचारून पाय मोकळे केले. “दिवाळीला हिंजवडीच्या कंपन्या आमच्याकडून टोपल्या नेतात,” मावशी म्हणाली. “तुझ्या टेबलावर माझी एखादी आली असेल.” मुलगी म्हणाली, येतात टोपल्या, ड्रायफ्रूटच्या. तेवढ्यात बातमी पसरली. दारात पाच-सहा बायका जमल्या, पोरं जमली, तो म्हातारा नव्हता पण त्याचा मुलगा येऊन बसला. ‘आईचं नाक आहे’, ‘केवढीशी वाटते’ असं सुरू झालं. मुलगी आक्रसत गेली. पाठ भिंतीला टेकली, हात मांडीखाली घेतले. पाळणाघरातली पोरं जाळीच्या आत जशी रडायची, तशी ही इथे उघड्यावर गुदमरत होती.

“सॉरी,” ती मावशीला हळूच म्हणाली, “दार लावलं तर चालेल का?”

मावशीने तिच्याकडे पाहिलं. मग उठली, बायकांना ‘जरा थांबा गं’ म्हणाली, उंबऱ्यातल्या कामट्या पायाने बाजूला सारल्या आणि दार लोटलं. ते पुरतं लागेना. इतक्या वर्षांत लाकूड फुगलं होतं. तिने खांदा लावून ते बसवलं आणि कडी घातली. खोलीत अंधार झाला, तेव्हा भर दुपारी बल्ब लावला.

त्या गल्लीत दिवसा दार लागतं ते घरात काही वाईट घडलं तरच. कुणीतरी काळजीने कडी वाजवली. “काय झालं ओ? दार का लावलंय?”

“काही नाही,” मावशी आतून म्हणाली. “पोरगी आलीय माझी. तिला दार लावलेलं बरं वाटतं.”

मुलीने हात मांडीखालून काढले आणि पहिल्यांदाच कप उचलला. मी कोपऱ्यात बसून होते. दार बंद ठेवण्याबाबत मी दिलेली समज त्या घरात सतरा वर्षांनी अमलात आली होती. मावशी बल्बच्या उजेडात पुन्हा कामटी सोलायला बसली. तिला नीट दिसत नव्हतं, डोळे बारीक करावे लागत होते.