मांगून पाह्यलं काय?

हातात काहीही दिलं की आमचे एक सर ते आधी उलटं करायचे. लग्नाची पत्रिका दिली तर छापखान्याचं नाव आधी, नवरा-नवरीचं नंतर. पंगतीत स्टीलचं ताट समोर आलं की वाढणारा पोचायच्या आत ते पालथं करून खाली कोणाचं नाव कोरलंय ते पाहून घ्यायचे. आणि कोणी चित्र दाखवलं, की चष्मा कपाळावर चढवून एवढंच विचारायचे, "मांगून पाह्यलं काय?"

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. शेजारी असली तर करमणूक होते, सहकारी असली तर रोज डोकं उठतं.

आमच्या भंडाऱ्याच्या चित्रकला महाविद्यालयात ते कलेचा इतिहास शिकवायचे आणि मी रंगकाम. माणूस लाखांदूरकडचा, धानाच्या बांधावर वाढलेला. वर्गात पुस्तकी मराठी बोलायचे आणि वर्गाबाहेर पाऊल टाकलं की गावची. त्यांचं म्हणणं असं, की चित्र समोरून नटून येतं, त्याची पाठ पाहावी. खिळे कोणते, कापड कुठलं, ओल कुठे लागली, कोणाच्या घरून कोणाच्या घरी गेलं, हे सगळं पाठीवर असतं. एकदा एका पोराने मुद्दाम विचारलं, "सर, लेण्यातलं भिंतीवरचं चित्र मागून कसं पाहायचं?" वर्ग हसला. सर दुसऱ्या दिवशी आल्या आल्या म्हणाले, "डोंगरावर चढायचं. पाणी कुठून झिरपतं ते पाहायचं."

चित्रांपुरतं ठीक होतं हो. पण हा माणूस माणसांनाही उलटं करून पाहायचा. कोणाचं स्केच जरा बरं उतरलं की, "मोबाइलमधून उतरवलं नं?" माझ्या वर्गातल्या कामाकडे बोट दाखवून मला म्हणायचे, "या पोराच्या हातात तुमचं मनगट दिसून राह्यलं." आता पोराचा हात अडला तर मास्तराने दोन रेषा मारून दाखवायच्या नाहीत तर काय करायचं? मला फार राग यायचा.

मग आम्हीही त्यांच्यावर नजर ठेवली. एवढा शिकलेला माणूस नागपूर सोडून इथे कशाला आला? लग्न का नाही केलं? कोणाच्या डब्यातला घास का घेत नाही? संस्थेचे अध्यक्षही लाखांदूरकडचेच, म्हणजे इथलं तिथे पोचवणारा हाच, असं स्टाफरूममध्ये जवळजवळ ठरलंच होतं. ते आत आले की आम्ही हवापाण्यावर बोलायला लागायचो. त्यांना ते कळायचं, आणि त्यांना कळतंय हे आम्हालाही कळायचं.

शेवटच्या वर्षाला चिखल्याची एक मुलगी होती. वडील तिथल्या मॅंगनीजच्या खाणीत, जमिनीखालच्या कामावर. ही अबोल, पण रंगाला हात लावला की आपण बाजूला व्हावं. राज्याच्या विद्यार्थी प्रदर्शनासाठी तिने मोठा कॅनव्हास केला होता. सगळा काळोख, आणि त्यात चार चेहरे. एक बाई आणि तीन लेकरं. उजेड एकाच जागेवरून, समोरून येणारा. दिवा मात्र चित्रात कुठेच नाही. घरच्यांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, चित्र निवडलं गेलं तर मुंबईला पुढचं शिकायला पाठवू, नाही तर तुमसरला मावशीच्या कापड दुकानात बसायचं. चित्र पाठवायला दोन शिक्षकांची सही लागत होती. मी माझी डोळे मिटून केली.

सरांनी कॅनव्हासची पाठ पाहिली, पुढून पाहिलं, आणि पेन खिशात ठेवलं. "हा उजेड हिचा नाही. युरोपातल्या काळोख्या चित्रांच्या स्लाइड्स मी वर्गात दाखवल्या होत्या, तिथून आणला."

"त्या दिवशी मी नव्हती सर," मुलगी म्हणाली.

"असं सगळेच म्हणतात. दिवा कुठे आहे यात?"

"माझ्या बाबाच्या कपाळावर."

"आणि बाबा कुठे आहे?"

"बाबा नाई दिसत."

सर हसले. "नसलेला दिवा आणि नसलेला बाप," असं म्हणाले. सगळा वर्ग ऐकत होता. मुलीने कॅनव्हास उचलला, भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि निघून गेली. मला त्या क्षणी त्यांचा तिरस्कार वाटला. नक्कीच दुसऱ्या कोणाचं चित्र पुढे सरकवायचं असणार, असं मी स्टाफरूममध्ये बोलूनही दाखवलं.

चित्र नागपूरच्या कार्यालयात पोचवायच्या शेवटच्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे. झोप झालेली दिसत नव्हती. "चिखल्याले चाललो. तुम्हीबी चला."

"मी कायला?"

"एकटा गेलो तं मी मलेच काहीबाही सांगीन."

हा आपल्यालाच साक्षीदार करून पोरीविरुद्ध पुरावा आणणार, अशी शंका आली, म्हणूनच मी गेलो. भंडाऱ्याहून तुमसर, तिथून नाकाडोंगरीची बस आणि पुढे काळ्या धुळीने माखलेली जीप.

मुलगी भंडाऱ्याला वसतिगृहात, वडील पाळीवर. घरी आई आणि धाकटी दोघं. दोन मास्तर दारात पाहून त्या बाईचा चेहराच उतरला.

"पोरीनं काही केलं काय सर?"

"नाई नाई," सर म्हणाले. "तुमच्या घरी कपाळाले दिवा बांधते काय कोणी?"

बाई आधी लाजली, मग हसायला लागली. खाणीतला टोपीवरचा दिवा तर खाणीतच जमा करावा लागतो. पण लेकरं लहान असताना बापाच्या मागे लागायची, खाली कसं असतं ते दाखव म्हणून. मग तो दार लावून, खिडकीला चादर टांगून, साधी बॅटरी दुपट्ट्याने कपाळाला बांधायचा. त्याचा खेळच झाला होता. ज्याच्या तोंडावर उजेड पडेल त्याने आज काय केलं ते खरं खरं सांगायचं.

"करून दाखवता?" सरांनी विचारलं.

धाकट्यांनी दार लावलं, चादर टांगली. बाईने दुपट्टा घेतला आणि सरळ सरांच्याच कपाळाला बॅटरी बांधली. भर दुपारी त्या खोलीत काळोख झाला. सर पोरांकडे वळले तसे दोन चेहरे उजळले. एकाने कबूल केलं की शाळेत गेलो नाही. बाईकडे वळले. ती डोळे मिचकावत म्हणाली, "भाजीत दोनदा मीठ पडलं आज." मग उजेड माझ्यावर आला. डोळ्यांपुढे नुसता पांढरा गोळा, मागचा माणूस दिसेना. मी म्हटलं, "त्या चित्राला मी बोट लावलेलं नाही."

उजेड माझ्यावरून खाली गेला. मग सरांचा आवाज आला, "आता मले विचारा."

"नाई जी," बाई म्हणाली. "ज्याच्या कपाळावर बॅटरी त्याले कोणी नाई इचारत. त्याचं तोंडच दिसत नाई नं."

चित्र आत्ता मला कळलं. बाप त्यात नव्हता, कारण ते सगळे त्याच्याकडे पाहत होते. सरांनाही कळलं असावं. दुपट्ट्याची गाठ त्यांनी स्वतःच सोडली. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला दिसलं नाही, आणि पोरांनी चादर काढली तेव्हा ते दाराकडे वळलेले होते.

परत येऊन त्यांनी सही केली, स्वतः कॅनव्हास खांद्याला लावला आणि नागपूरची बस धरली. मीही बरोबर गेलो. पोचलो तेव्हा कार्यालयाचं दार बंद झालं होतं. पहारेकरी म्हणाला, मुदत संपली, उद्या घेणार नाहीत. सरांनी विनवण्या केल्या. त्यांना विनवणी करता येत नव्हती, ते भांडतायत असंच वाटत होतं. येताना बसमध्ये तो कॅनव्हास आम्हा दोघांच्या मांडीवर आडवा होता.

"चुकी माझी हाय," त्यांनी मुलीला सगळ्या वर्गासमोर सांगितलं. ती म्हणाली, "राहू द्या सर." त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही. परीक्षा दिली आणि तुमसरला दुकानात बसली.

दर दिवाळीला ते तिथे कापड घ्यायला जायचे. एकदा मी बरोबर होतो. सवयीने त्यांनी कापड उलटं करून पाहिलं आणि लगेच सुलटं केलं. तिने मान वर न करता मोजून फाडून दिलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "बरोबर हाय तिचं."

मात्र एक नवीन सुरू झालं. तास संपला की ते खिडकीजवळच्या स्टुलावर, तोंडावर ऊन घेऊन बसायचे आणि पोरांना म्हणायचे, "आता तुम्ही विचारा." पोरं कशाला सोडतात? लग्न का नाही केलं, हे पहिल्याच आठवड्यात विचारलं. "एकीनं नाही म्हटलं, दुसरीले मी विचारलं नाही," एवढं सरळ उत्तर. डब्यातलं का खात नाही? "पोट नाजूक हाय." आम्ही वर्षानुवर्षं चघळलेलं सगळं पोरांनी चार तासांत काढून घेतलं. अध्यक्षांशी तर त्यांचं बोलणंच नव्हतं, बांधावरून जुनं भांडण होतं म्हणे. स्टाफरूममध्ये आम्हाला फार चुकल्याचुकल्यासारखं झालं.

गेल्या वर्षी ते आजारी पडले. डॉक्टरांनी छातीची फिल्म उजेडासमोर धरली तर हे म्हणतात कसे, "मांगून दाखवा." डॉक्टर हसले. फिल्म मात्र दोन्ही बाजूंनी सारखीच होती.

शोकसभा त्यांच्याच वर्गात झाली. फोटो त्याच स्टुलावर ठेवला, हार घातला. प्राचार्य बोलले, मी बोललो. भाषणं संपत आली तेव्हा ती आली, दुकानातून उठून आल्यासारखी, खांद्यावर मापाची टेप तशीच. फूल वाहिलं आणि तिथेच उभी राहिली. मग तिने दोन्ही हातांनी फोटो उचलला आणि उलटा केला. मागे नवा पुठ्ठा आणि चार खिळे. तिने पुठ्ठ्यावरून बोट फिरवलं.

"मांगून पाह्यलं सर," ती हळूच म्हणाली. "काई नाई हाय."

माझ्या डोळ्यांना पाणी आलं. तिने फोटो परत स्टुलावर ठेवला, पण होता तसा नाही. खिडकीकडे तोंड करून ठेवला, उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडेल असा.