कुंकवाचं बोट आणि वरचा कॅमेरा

आधी मामांचं सांगते, मग बाकीचं. तपासणीच्या टेबलावर माझ्या शेजारी बसणारे, मांडवगण फराट्याहून रोज मोटारसायकलवर येणारे, तेव्हा रिटायर व्हायला आलेले, सगळेच ज्यांना मामा म्हणायचे ते. ते नसते तर आज कारेगावच्या या खोलीत बसून मी हे लिहीत नसते. किनवटकडं परत गेले असते, आणि का परत आले ते घरी कुणाला सांगितलंही नसतं.

माझी शाळा सातवीत सुटली. नांदेडहून रेल्वेनं दौंड, तिथून एसटीनं शिरूर, अशी मी इथल्या कारखान्यात कामाला आले, तेव्हा ठेकेदाराच्या माणसानं फॉर्मवर परस्पर 'दहावी' लिहून टाकलं. मी गप्प बसले. ते गप्प बसणं पुढं दोन वर्षं टोचत राहिलं.

काम होतं रबरी सील तपासायचं. सील बोटावर फिरवलं की आतला बुडबुडा माझ्या डोळ्याआधी बोटाला कळायचा. पण क्रेट संपला की रिपोर्ट भरायचा, तोही इंग्रजीत. माझा रिपोर्ट मामा भरायचे. मी कधी मागितलं नव्हतं.

"तू माझं दोन क्रेट बघ, मी तुझं लिव्हतो," म्हणायचे. "माझी नजर आन् तुझं इंग्लिश, दोन्ही सारखंच हाय."

मग कानावर आलं की कागद बंद होणार, टॅब येणार. ज्यानं त्यानं स्वतः टाईप करायचं. ज्याला जमणार नाही त्याचं टेबल सुटणार.

पण टॅबच्या आधी पुण्याहून एक ताई आल्या. कागद तसाच ठेवून तो कॉम्प्युटरला जोडायचा, असं काहीतरी त्यांचं काम होतं. त्यांनी टेबलावर एक मोठा जाड कागद पसरला. त्याच्यावर चौकटी, आणि चौकटीत चित्रं: बुडबुडा, चीर, फाटकी कड. वर दांडीला कॅमेरा. प्रत्येक क्रेटसोबत येणारं कार्ड मधोमध ठेवायचं आणि जो दोष सापडेल त्या चित्रावर लाल कागदाची गोल टिकली ठेवायची. बास. शेजारच्या स्क्रीनवर नोंद आपोआप. क्रेट चांगला असेल तर हिरवा, दोष असेल तर लाल. टायपिंग नाही, इंग्रजी नाही.

मला तर त्या कागदाचं वेडच लागलं. जेवणाच्या सुट्टीत डबा अर्धा टाकून मी त्याच्याशी खेळत बसायचे. कार्ड तिरकं ठेवलं तरी ओळखायचा, उलटं ठेवलं की गप्प. बोटानं कार्ड हळूच सरकवलं की स्क्रीनवरचा चौकोनही सरकायचा. कागदाला ना वायर ना सेल. मग ह्याला कळतं कसं?

"कागदाला न्हाई कळत, वरच्याला कळतंय," मामांनी वर बोट दाखवलं. ते दर रविवारी चर्चला जाणारे. मला क्षणभर वाटलं, देवाचंच सांगतायत.

लाईनच्या साहेबांनी ट्रायलला आठवडा दिला होता. चाललं तर हा कागद, नाही तर टॅब. माझं सगळं त्या आठवड्यावर अडकलेलं. म्हणून ट्रायलच्या पहिल्या दिवशी, सोमवारी, फर्स्ट शिफ्टला सगळ्यांच्या आधी आले आणि नव्या वहीला करतात तेच केलं. पुडीतलं कुंकू ओल्या बोटानं त्या कागदाला लावलं, वरच्या पहिल्या, बुडबुड्याच्या चौकटीत. नमस्कार केला. मामा डबा ठेवत होते, त्यांनी पाहिलं.

शिफ्ट सुरू झाली. पहिला क्रेट लाल. दुसरा लाल. तिसऱ्यात तर दोष नव्हताच, तोही लाल. साहेब आले.

"सगळ्या मालात बुडबुडा? लाईन थांबवा!"

ताई लॅपटॉपवर वाकल्या, त्यांचा चेहरा उतरला. साहेब म्हणाले, "मॅडम, मी आधीच म्हणत होतो. गुंडाळा हे, टॅब मागवतो."

मी कागदाकडं पाहत होते. बुडबुड्याच्या चित्रावर टिकली नव्हतीच, तरी बुडबुडाच का? कार्ड सारखं करण्याच्या निमित्तानं मी तळहात कुंकवावर ठेवला. स्क्रीन हिरवी. हात उचलला, लाल. पुन्हा ठेवला, हिरवी. कॅमेऱ्याला कुंकवाचा ठिपका लाल टिकलीच वाटत होता. एवढ्या भीतीतही मला त्याची गंमत वाटली, खोटं कशाला सांगू.

मामा कानाशी म्हणाले, "कळलं न्हवं? मग सांग."

"तुम्हीच सांगा मामा. मला काढतील."

"मी सांगितलं तर ती चुगली हुतीय. तू सांगितलंस तर ते काम हुतंय."

मी सांगितलं. आवाज इतका बारीक निघाला की ताईंनी दोनदा विचारलं. मग त्यांनी स्वतः हात ठेवून पाहिला, उचलून पाहिला, आणि हसत सुटल्या.

"म्हणजे टिकल्यांची गरजच नाही! पंख्यानं उडतात म्हणून गेला आठवडाभर मी रडतेय. कार्डावरच चित्रं छापून लाल शाईचं बोट लावलं तर? किती मोठा ठिपका उमटतो तुझा? परत लाव बघू. शिक्षण किती झालंय तुझं?"

"सातवी," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

"फॉर्मवर दहावी आहे," साहेब म्हणाले.

मामा चष्मा पुसत म्हणाले, "साहेब, फॉर्म ठेकेदारानं भरला, हिनं न्हाई. आन् हिचं रिपोर्ट दोन वर्षं मी लिव्हतोय, काय करायचं ते माझं करा. पन ह्या कागदाला किती शिक्षण लागतंय, ते तेवढं ताईंना इचारा."

"काहीच नाही," ताई म्हणाल्या. "नजर लागते. ती हिला आहे."

साहेबांनी मामांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "कुंकू पुसा आधी," एवढंच बोलून गेले. मामा मला म्हणाले, "आमच्यात कुंकू लावत न्हाईत. पन तू लावलंस ते बरं केलंस."

टॅब आले नाहीत. आता दोष निघालेल्या प्रत्येक क्रेटच्या कार्डावर शाईचं बोट असतं. फॉर्मवर ऑफिसनं दहावी खोडून सातवी केलं आणि मी टेबलावरच राहिले. ताई नवीन कागद आणतात तेव्हा आधी माझ्यापुढं टाकतात: "फसवून दाखव ह्याला."

मामा यंदा रिटायर झाले. आता गावी आपल्या झेंडूच्या शेतात असतात. फोनवर म्हणाले, दसऱ्याच्या तोडणीला माणूस मिळत नाही, फुलं झाडावरच सुकतात. मामा, ह्या नाही तर पुढच्या, पण एका दसऱ्याला चार दिवस सुट्टी टाकून मी मांडवगणला येणार. तुमच्या सगळ्या सऱ्या तोडून होईपर्यंत कंबर सरळ करणार नाही. तुमचं फिटणार नाही त्यानं, पण तेवढं तरी मला करू द्या.