गुंठाभर बाजरी

पुण्याच्या कॉलेजात गणिताच्या बी.ए.ला संख्याशास्त्राचे पेपर नुकतेच घेता येऊ लागले होते, आणि मी ते घेतले. लढाई संपली त्या वर्षीची ही गोष्ट. वर्गात आम्ही अकरा जण होतो. त्यात मुलगी मी एकटी. मी मामाकडे राहून शिकत होते आणि आईवडील शेवगाव तालुक्यातल्या एका खेड्यात होते. तिथे शेजारच्या काकूंनी 'संख्या'चं 'संध्या' ऐकून आईला विचारलं होतं की मुलगी पुण्याला जाऊन संध्या कशाला शिकते, ती तर मुंजीनंतर मुलं शिकतात. आईने आपल्या परीने समजावलं, पण तिचंही उत्तर डळमळीतच होतं. हे शिकून पुढे काय, हे मलाही सांगता येत नव्हतं. आमच्या प्राध्यापकांना विचारलं तर ते म्हणत, सरकारला आता मोजणारी माणसं लागणार आहेत. एवढ्यावर मी दोन वर्षं काढली.

वडील तलाठी होते. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. तीन गावांचा सजा त्यांच्याकडे होता, आणि सातबाऱ्यापासून पीकपाण्यापर्यंत या गावांचं सगळं लिखाण त्यांच्या हातचं. त्यातलं मोठं काम आणेवारीचं. पीक उभं असताना पाटील आणि पंचांना घेऊन शिवारात फिरायचं, आणि यंदा पीक किती आणे आलं ते ठरवून लिहायचं. सोळा आणे म्हणजे भरघोस. फार खाली गेलं तर सरकार शेतसारा तहकूब करी. हे सगळं नजरेने चाले. अण्णांची नजर तालुक्यात नावाजलेली होती.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा त्यांच्या बैठ्या मेजावर एक पातळ पुस्तिका पडली होती. मी सहज उघडली आणि थक्क झाले. पानंच्या पानं नुसत्या आकड्यांची. ओळ नाही, क्रम नाही, अर्थ नाही. असंच पुस्तक आमच्या प्राध्यापकांच्या टेबलावर असे, आणि ते घरी न्यायची आम्हाला परवानगी नव्हती.

अण्णा म्हणाले, "वरून आलंय. तालुक्याला बोलावून दोन दिवस शिकवलं. आकडे बघून शेत निवडायचं, आकडे बघून शेतात जागा धरायची, तेवढ्यातलं पीक कापून वजन करायचं. कारकुनी वेडेपणा. शेत बघायला डोळे असताना आकडे कशाला?"

मी बसून समजावू लागले. आपण निवडायला गेलो की नकळत चांगलं तरी उचलतो, नाहीतर वाईट तरी, म्हणून निवड आपल्या हातात ठेवायचीच नाही, असं काहीतरी. मला धड जमेना. आई आत भात उतरवत होती. ती तिथूनच म्हणाली, "शितावरून भाताची परीक्षा, तेच ना? पण शीत वरवरचं घेतलं तर कच्चा भात शिजलेला वाटतो. मी तळापर्यंत पळी घालते." इतक्या महिन्यांत मला कुणाला इतक्या सोप्या शब्दांत हे सांगता आलं नव्हतं. अण्णा हसले, पण पटलं असं म्हणाले नाहीत. उद्यापासून मी बरोबर येईन का, एवढं मात्र त्यांनी विचारलं, कारण आकड्यांच्या रांगा वाचताना त्यांचा चष्मा कमी पडत होता.

बाजरीची काढणी सुरू झाली होती. तीन गावं, प्रत्येक गावात दोन शेतं, अशी सहा शेतं आम्हाला करायची होती. पद्धत सोपी होती. शेताच्या एका कोपऱ्यात उभं राहायचं, पुस्तिकेतले दोन आकडे घ्यायचे, पहिल्याइतकी पावलं बांधाच्या कडेने चालायचं, दुसऱ्याइतकी आत शिरायचं. तिथे खुंटी ठोकायची आणि दोरीने तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद असा चौकोन आखायचा. बरोबर एक गुंठा. त्यातली कणसं खुडून, झोडपून, उफणून दाणे तोलायचे.

पहिल्याच शेतात घोळ झाला. शेतकरी साठीचा होता, आणि सरकार सक्तीने घेई त्या लेव्हीच्या धान्यामुळे सरकारी माणूस बांधावर दिसला की त्या दिवसांत सगळेच सावध होत. मी पावलं मोजली आणि खुंटी पडली ती विहिरीच्या अंगाला, जिथे बाजरी सगळ्यात दाट होती. म्हातारा अण्णांना म्हणाला, "भाऊसाहेब, हे ठरवून केलं. बाकीचं रान बघा की. तिकडं निस्ता मुरूम हाय." अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हाताऱ्याला पुस्तिका दाखवली, आकड्यांवर बोट ठेवलं, आणि जागा मी निवडलेली नाही हे सांगितलं. त्याला आकडे वाचता येत होते. त्याने विचार केला आणि म्हणाला, "आकडं खरं असतील. पन ताई, तुमची पावलं लई बारीक हायती. मी टाकतो."

नियमाप्रमाणे खुंटी हलवायची नव्हती, पण त्याचं समाधान व्हावं म्हणून मी त्याला मोजू दिलं. तो कोपऱ्यातून निघाला, लांब ढांगा टाकत बांधाने गेला, मग वळून आत शिरला, आणि माझ्या खुंटीच्याही पुढे, विहिरीला आणखी लागून, जिथे कणसं हाताहातभर होती तिथे जाऊन थांबला. खुडायला आलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. म्हातारा जागच्या जागी सभोवार बघत राहिला. मग म्हणाला, "आधीचंच ऱ्हाऊ द्या." त्यानंतर मात्र त्याने स्वतः दोरी धरली, आणि दाणे तोलून होईपर्यंत तराजूपाशी बसून राहिला.

त्याच शेतात खुंटी पक्की झाल्यावर माझ्या मनात एक कल्पना आली. दोरी टाकायच्या आधी मी अण्णांना म्हणू लागले की नुसतं बघून सांगा, या गुंठ्यात किती आणे पीक आहे. ते दोन क्षण बघत आणि सांगत. मी वहीत लिहून ठेवी. सोळा आण्यांना गुंठ्यामागे किती शेर धरायचे ते कचेरीत ठरलेलं होतं, त्यामुळे वजन आलं की त्याचेही आणे करता येत. आणि अण्णांनी पंधरा दिवसांपूर्वी पंचांबरोबर त्या त्या शेताची जी नोंद केली होती, ती मी घरी येऊन त्यांच्या कच्च्या वहीतून उतरून घेई. असे तीन रकाने झाले. एक तराजूचा, एक अण्णांच्या तोंडचा, एक कागदाचा.

सहावं शेत झालं त्या दुपारी मी ओसरीवर वही घेऊन बसले. अण्णांच्या तोंडचे आकडे पाहून मला अभिमान वाटला. तीन ठिकाणी ते तराजूच्या थोडे वर होते, तीन ठिकाणी थोडे खाली, आणि अर्ध्या-पाऊण आण्याच्या पलीकडे फरक कुठेच नव्हता. मग मी कागदाचा रकाना पाहिला. तो सहाच्या सहा ठिकाणी खाली होता, चांगला दोन-दोन आणे. नाणं सहा वेळा उडवून सहाही वेळा छापाच पडावा, तसं. चौसष्टात एकदा होणारी गोष्ट, आणि ती नेमकी माझ्या वडिलांच्या वहीत झाली होती, यावर माझा विश्वास बसेना.

लहानपणापासून मी त्यांना एकाही खात्यात चुकताना पाहिलं नव्हतं. विचारावं की नाही, हेच कळेना. शेवटी ते चहा घेऊन शेजारी टेकले तेव्हा वही त्यांच्या पुढे सरकवली. त्यांनी तिन्ही रकान्यांवरून सावकाश बोट फिरवलं.

"डोळा माझा आहे," ते म्हणाले. "कागद गावाचा आहे."

मग त्यांनी मला सांगितलं, अगदी साध्या आवाजात. या भागात पाऊस कधी दगा देईल याचा नेम नाही. चांगल्या वर्षी थोडं कमी लिहिलेलं असलं, की बऱ्या-वाईटाच्या काठावरच्या वर्षी कमी लिहिलेलं कुणाला खुपत नाही आणि साऱ्याची सूट मिळायला अडचण पडत नाही. त्यांच्या आधीच्या तलाठ्यानेही तसंच केलं होतं, आणि त्यांनी कामाला लागताना ते त्याच्याकडूनच उचललं. यासाठी कुणाकडून त्यांनी कधी मूठभर दाणेसुद्धा घेतले नव्हते. हे ते म्हणाले नाहीत, पण मला ठाऊक होतं.

प्राध्यापकांनी सुट्टीत प्रत्येकाला एखादी खरीखुरी मोजणी करून आणायला सांगितलं होतं. माझ्याजवळ ती तयार होती, पण तिसरा रकाना नेण्याचं धाडस होईना. मी अण्णांना म्हटलं, मी दोनच नेते. ते म्हणाले, "तिन्ही ने. गावाचं नाव नको, माझं नाव नको. पण अर्धं दाखवायला तू शिकायला गेलेली नाहीस."

पुण्यात प्राध्यापकांनी माझे कागद दोनदा वाचले. वर्गापुढे त्यांनी ते रकाने फळ्यावर उतरवले आणि तासभर त्यावरच बोलले. चुका दोन जातींच्या असतात, ते म्हणाले. एक कधी इकडे, कधी तिकडे जाते, ती पुष्कळ मोजण्यांत विरून जाते. दुसरी नेहमी एकाच बाजूला ओढते, ती कितीही मोजलं तरी जात नाही. सहा शेतं फार थोडी, हेही त्यांनी बजावलं. तास संपल्यावर मला थांबवून त्यांनी विचारलं की हा नजरेचा माणूस कोण. माझे वडील, एवढंच मी सांगितलं. ते म्हणाले, "त्यांना माझा नमस्कार कळवा."

पुढच्या वर्षी आमच्याकडे पावसाने ओढ दिली. बाजरी गुडघ्यावर येऊन थांबली. अण्णांनी आणेवारी लिहिली ती जशीच्या तशी, कारण कमी करायला काही उरलंच नव्हतं. पण सर्कल इन्स्पेक्टर कागद बघून हसले. बाकीचं मी अण्णांच्याच तोंडून ऐकलं. सर्कलसाहेब त्यांना म्हणाले, "तुमच्या आकड्यात मी दरसाल मनातल्या मनात दोन आणे चढवतो. यंदाही चढवले." इतकी वर्षं आपलं गुपित कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं, हे अण्णांना त्या दिवशी कळलं. आणि खरं लिहिलेलं कुणी खरं धरणार नाही, हेही.

तेव्हा त्यांनी त्या वर्षीच्या सहा गुंठ्यांची वजनं पुढे ठेवली. दोरी, खुंटी, पावलं, तराजू, खाली पंचांच्या सह्या आणि अंगठे. सर्कलसाहेबांना खात्री वाटेना म्हणून ते स्वतः गावात आले, आणखी दोन शेतांत त्यांनी आपल्या हाताने खुंट्या ठोकल्या. त्यातून निघालेले दाणे एका सुपात मावले. तिन्ही गावांचा सारा त्या वर्षी तहकूब झाला.

दिवाळीत मी घरी गेले तेव्हा अण्णांनी मला हे सगळं बसवून सांगितलं. ते खूश होते, आणि थोडे शरमलेलेही. त्यानंतर ते काठावरच्या वर्षी काय लिहीत ते मी कधी विचारलं नाही. एवढं मात्र खरं की आकड्यांच्या पुस्तिकेला त्यांनी स्वतः जाड कागदाचं वेष्टण घातलं, आणि नव्या तलाठ्यांना पावलं कशी टाकायची ते शिकवायला तालुक्याचे लोक त्यांनाच बोलावू लागले.

बी.ए. झाल्यावर मला पुण्यात पीकमोजणीच्या कचेरीत जागा मिळाली. जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या गुंठ्यांची वजनं आम्ही तिथे हाताने फिरवायच्या यंत्रांवर बेरजेला लावत असू. आठ यंत्रं एकदम फिरू लागली की खोलीत चक्की सुरू झाल्यासारखा आवाज होई. पहिल्या वर्षी अण्णा मला भेटायला आले होते. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली. ते तासभर माझ्या शेजारी बसून बघत राहिले. नगर जिल्ह्याचा गठ्ठा निघाला तेव्हा मी त्यांना त्यातले शेवगावचे तक्ते दाखवले. त्यांनी पानं उलटली, एका तक्त्यावर थांबले आणि मला हळूच म्हणाले की या कारकुनाने चार आणि सात सारखेच काढले आहेत, नीट बघून घे. मी पाहिलं तर खरंच तसं होतं. तो तक्ता मी परत विचारणा करायला बाजूला ठेवला, आणि आम्ही दोघं जेवायला मामाकडे गेलो.